शाळेसाठी मागणं

विठ्ठला, आठवीच्या वर्गातला एक मुलगा उत्तर येत असूनही बोलत नाही. गालात मावा असतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून टपरीवर घासून देतात, तो. डबा खाताना जरा तिखट लागलं की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत, त्याच्या दोनच जातात. त्याला बरं कर, एवढंच म्हणून मी थांबणार नाही. त्याच्यापर्यंत पोचणारा माणूस दे, आणि त्या माणसाचा पगार सरकारी तिजोरीतून निघू दे.

कायदे आहेत, देवा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हे 2003 पासून लिहून ठेवलंय. मुलाच्या हातात नशेची वस्तू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, हे 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहे. राज्यघटनेच्या 47 व्या कलमात तर नशेला आवर घालण्याचं काम सरकारवरच सोपवलंय. आता या कागदांमागे पैसा उभा कर. दारूवरच्या उत्पादन शुल्कातून राज्याला दरवर्षी हजारो कोटी मिळतात. ज्या घरांतून तो पैसा गेला, त्याच घरांतली मुलं आमच्या बाकांवर बसतात. त्यातला काही वाटा त्यांच्याकडे वळवण्याची सुबुद्धी अर्थसंकल्प मांडणाऱ्यांना दे.

आणि आलेला निधी मार्चअखेर घाईघाईनं फलक, टोप्या आणि प्रभातफेरीत संपू देऊ नकोस. व्यसनमुक्तीची शपथ मुलं मनापासून घेतात, मी त्यांचे चेहरे बघते. पण संध्याकाळी तलफ आली की ही मुलं जाणार कुणाकडे? जूनमध्ये शाळेबरोबरच रुजू होणारा समुपदेशक दे. मुलं त्याला नावानं ओळखू देत, त्याच्याकडे रडू देत. कंत्राट संपलं म्हणून दिवाळीनंतर तो दिसेनासा व्हायला नको.

देशभरातल्या पाहणीचे आकडे 2019 मध्ये आले, तेव्हा हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त निघालं. पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर. रुमालावर ओतायचं आणि नाकाशी धरायचं. असं पोर सापडलं की शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या हातात ठेवायची घाई होते. पांडुरंगा, दाखल्यावर सही करणारा तो हात तू धर. दाखल्याऐवजी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळू दे, आणि तिथे या वयाच्या मुलांसाठी वेगळी सोय असू दे. दारू सोडायला आलेल्या चाळिशीतल्या माणसांशेजारी तेरा वर्षांचं पोर झोपवायची वेळ कुणावर आणू नकोस.

तुझी माळ घालून दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या माळेवर माझी श्रद्धा आहे. पण माळ घातली तरी हात थरथरतात, रात्र रात्र झोप येत नाही, आणि तेव्हा डॉक्टरच लागतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. अशी माणसं दिलीस, हे तुझे उपकारच. तरी प्रत्येक तालुक्यानं देणगीदाराची वाट बघत बसावं, असं तुलाही वाटत नसेल.

टपरीवाल्यालाही विसरू नकोस. त्याचीही मुलं याच शाळेत आहेत. पुड्या न विकता त्याचं घर चालू दे.

आता मुलींचं सांगते. आजीच्या डबीतली मशेरी दातांना लावता लावता जी सवय लागते, तिला घरात कुणी व्यसन म्हणत नाही. आईही लावते, म्हणून ओरडतही नाही. या मुली आपणहून कुणाला सांगायच्या नाहीत. त्यांच्याशी बोलायला शाळेत एखादी बाई नेमली जाऊ दे, विठ्ठला, आणि तिचा पगार वेळेवर होऊ दे.