अर्ज स्वतःच्या हाताने भर

चि. मुक्ता,


परवा फोनवर म्हणालीस, "मामा, ऑफिसचा पाच लाखांचा विमा आहे, वेगळा कशाला?" हिंजवडीतली तुझ्या वयाची पोरं सर्रास हेच म्हणतात. बाळा, तो विमा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबरच जातो. स्वतःची पॉलिसी तब्येत धड आहे तोवरच घे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही उठला आहे.

पण पत्र लिहायला बसलो ते तुझ्या आईसाठी. तिचीही पॉलिसी काढायची म्हणतेस. तिला शुगर आहे. कुणीतरी हळूच सांगेल, "शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल." मलाही सांगितलं होतं. मामीचा अर्ज एजंटने भरला, मी न वाचता सही ठोकली. दीड वर्षाने तिची अँजिओप्लास्टी झाली. केसपेपरवर डॉक्टरांनी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'मधुमेह, सहा वर्षं'. क्लेम नाकारला. रात्री साडेदहाला बिलिंगच्या खिडकीशी उभं राहून मी तो अर्ज पाहिला. मधुमेहापुढे 'नाही', आणि खाली माझी सही. बिलासाठी एफडी मोडल्याचं दुःख ओसरलं, ती सही अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

खरं लिहिलं तर काय होतं? हप्ता थोडा चढतो, आणि जुन्या आजारासाठी थांबावं लागतं. ती मुदत 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, आधी चार होती. तीन वर्षं निघून जातात गं. म्हणून तर आज सुरुवात कर, मार्चमध्ये कर वाचवायची घाई होईपर्यंत थांबू नकोस.

आणखी एक. पॉलिसी हाती आल्यावर नको वाटली तर 30 दिवसांत परत करता येते. तेवढ्यात हॉस्पिटलच्या खोलीभाड्याची मर्यादा शोधून वाच. त्याहून महागडी खोली घेतली, तर नुसतं भाडं नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, हेही बहुतेकदा त्याच प्रमाणात कापतात. स्वस्त पॉलिसी पुष्कळदा इथेच महाग पडते.

आईच्या रिपोर्टांची फाइल काढून ठेव, अगदी जुन्या चिठ्ठ्यांसकट. रविवारी सकाळी येतो. तिला शेजारी बसवून, एकेक प्रश्न तिला विचारत अर्ज भरू.

तुझा,
मामा