पाहुण्याचा पाऊस

प्रवासात पाऊस लागला की ‘आजचा दिवस वाया गेला’ असे आपण सहज म्हणून जातो. त्यातला हिशेब तपासावा असे कोणाला वाटत नाही. दिवस वाया गेला तो कोणाचा? ज्या गावात पाऊस पडला त्या गावाचा, की तिकीट काढून तेथे आलेल्या आपला?

अलीकडे मराठी माणूस नॉर्वेच्या फियोर्डपर्यंत जाऊ लागला आहे. उंच कड्यांच्या मधून दूरवर आत शिरलेल्या समुद्राच्या त्या चिंचोळ्या फाट्यांतून जहाज संथ चालते आणि मधूनच एखाद्या दिवशी प्रवाशांना किनाऱ्यावर उतरवते. समजा, तो दिवस बर्गन शहराचा निघाला. तेथे वर्षातले २०० हून अधिक दिवस पाऊस पडतो. डोंगर ढगात बुडालेले, रस्ते ओले, प्रवासी हिरमुसतो. तेथले लोक म्हणतात, हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात. प्रवाशाला ते पटत नाही. कारण आपण पैसे मोजले ते देखाव्याचे, अशी त्याची समजूत असते.

पण त्यासाठी एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. नांदेड, लातूर, बिदरकडची किती कुटुंबे श्रावणातल्या जोडसुट्टीत हैदराबाद पाहायला जातात! सकाळी चारमिनार, दुपारी सालारजंग आणि संध्याकाळी हुसेनसागरातल्या बुद्धमूर्तीपर्यंत बोटीने जायचे, असा बेत ठरलेला असतो. नेमकी संध्याकाळी झड लागते, वारा सुटतो, बोटी बंद होतात. मुले रडवेली होतात आणि घरातला कर्ता माणूस म्हणतो, ‘पैसे पाण्यात गेले.’

त्याचे दुःख खोटे नाही. पै-पै बाजूला टाकून, रजा जुळवून तो आलेला असतो. पुन्हा येणे कधी घडेल याची शाश्वती नसते. त्याला उपदेश करणे उद्धटपणाचे होईल. परंतु हानी आणि अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हानी कोणाचीही होऊ शकते. अन्याय होण्यासाठी आधी आपला काही हक्क असावा लागतो. तिकीट बोटीचे असते, आभाळाचे नसते. बोट सुटली नाही तर तिकिटाचे पैसे जरूर परत मागावेत. ऊन परत मागता येत नाही.

दुसरे असे की, ज्या पावसाला तो बोल लावतो, त्याचेच कर्तृत्व पाहायला तो आलेला असतो. फियोर्डच्या कड्यांवरून कोसळणारे धबधबे पावसाचे आणि वितळत्या बर्फाचे. नॉर्वेतली बहुतेक सारी वीजही पाण्यावरच तयार होते. आपला हुसेनसागरही सोळाव्या शतकात, कुतुबशाहीत, बांधला गेला तो पाणी साठवण्यासाठी, सहलीच्या बोटी फिरवण्यासाठी नव्हे.

तर मग पावसाची स्तुती करावी काय? खिडकीत बसून गरम भजी खाणाऱ्या पाहुण्याला तोही अधिकार नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदीला पूर आला आणि हजारो माणसे दगावली. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यात गेली. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० जण वाचले. पुढे निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. पुण्याजवळ खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे ते हेच. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. ज्या पाण्याने शहर बुडवले, तेच अडवून शहराला पाजले गेले. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये वस्त्याच्या वस्त्या पुन्हा पाण्याखाली गेल्या. अशा गावात पावसाला ‘वाईट’ म्हणणे जितके उथळ, तितकेच ‘काय सुंदर!’ म्हणणेही.

पावसाला बरे-वाईट म्हणण्याचा पहिला मान त्याचा, जो उद्याही तेथेच राहणार आहे. पाहुण्याने आधी विचारावे. इराणी हॉटेलात चहा घेताना शेजारच्या माणसाला ‘यंदा पाऊस कसा आहे?’ एवढे विचारले, तरी बोटीतून दिसले नसते ते गाव त्याच्या उत्तरात दिसेल.

येथे मात्र एक पेच आहे, आणि तो आपल्या सीमाभागातील वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. हैदराबादेत आपण खरोखर पाहुणे आहोत का? १९५६ पर्यंत मराठवाडा, बिदर आणि तेलंगण एकाच राज्यात होते. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. ही झाली माणसांची गोष्ट. पाण्याची त्याहून स्पष्ट आहे. मांजरा नदी बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूर, बिदर या जिल्ह्यांतून तेलंगणात उतरते आणि तिचे पाणी गेली कित्येक दशके हैदराबादच्या नळांना पोहोचत आले आहे. उलट, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात घागर घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस हैदराबादच्या लॉजमध्ये बसून पावसाला नावे ठेवतो, तेव्हा तो दुसऱ्याच्या नव्हे, आपल्याच पावसाला नावे ठेवत असतो. तेलुगूत वान, कन्नडात मळे, उर्दूत बारिश. आभाळाला भाषावार प्रांतरचना ठाऊक नाही.

मुलांची बोट हुकली, हे खरेच. तिची भरपाई कोणत्याही तत्त्वज्ञानाने होत नाही. पण ‘दिवस वाया गेला’ हे शब्द त्यांच्या कानावर घालण्याऐवजी एवढे तरी सांगता येईल की, बोट ज्या पाण्यावर चालते ते पाणी आज येत आहे.