पन्नाशीनंतरचा सारेगम

पन्नाशी उलटल्यावर मी पेटी शिकू लागलो, तेव्हा घरातील मंडळींना हसू आले. त्यात वावगे काही नव्हते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून संगीत गृहस्थांच्या आटोक्यात आणले, पुढे आमच्या नाशकात आश्रमही स्थापिला. पण त्या पुण्याईचा लाभ माझ्या बोटांस होईना. उजवा हात स्वरांकडे वळला की डावा भाता विसरे. भाता आठवला की बोटे अडखळत. पेटीतून मींड निघत नाही, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला हद्दपार केले होते, हे सारे मला पाठ आहे. त्याने भाता हलत नाही.

बुद्धीस पटलेली गोष्ट हातात उतरण्यास जो काळ लागतो, त्यास दोष म्हणावे काय? तीस वर्षे वर्गात मी त्यास आळस म्हणत आलो. एका विद्यार्थ्यास तर सर्वांदेखत 'तुझ्याने हे व्हावयाचे नाही' असे मी बजावले. तो पुन्हा वर्गात दिसला नाही. मला शिकविणारा तरुण त्याच्या तेव्हाच्याच वयाचा आहे. परवा एकच पलटा मी कितीदा तरी चुकलो. तो म्हणाला, "सर, भाता जरा हलका ठेवा. पुन्हा घेऊ."

त्या विद्यार्थ्याचे नाव मला आठवते. पत्ता ठाऊक नाही.