अपत्यऋण

परदेशात मुलाबाळांसह राहायला गेलेल्या मराठी माणसाला ‘तिकडे का गेलात?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : ‘मुलांसाठी.’ शिक्षण चांगलं मिळतं, हवा स्वच्छ आहे, मुलांना एकटं रस्त्यावर सोडता येतं. यातलं काही खोटं नाही. आम्ही बर्लिनला आलो त्याला आता चार वर्षं होतील. इथे बालवाडीला, म्हणजे ‘किटा’ला, फी नाही; मुलीच्या जेवणाचे महिना २३ युरो तेवढे आम्ही भरत होतो. घरापासून पायी जाता येतील अशी खेळायची तीन मैदानं आहेत. तरीही ‘मुलांसाठी’ हे उत्तर एकदा नीट तपासून पाहायला हवं असं मला वाटतं. त्याच्या पोटात एक हिशेब आहे, आणि तो मुलांच्या नावावर मांडलेला आहे. आम्ही घर सोडलं, माणसं सोडली, ती तुमच्यासाठी. यापुढचं वाक्य सहसा कुणी बोलून दाखवत नाही, पण मुलांना ते ऐकू येतं.

मुलांनी तर काही मागितलेलं नसतं. आमची मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिला जे हवं होतं ते सगळं पुण्यात, आजीच्या घराच्या आसपास होतं. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. कुटुंबातल्या सगळ्यांची नावं एकाच अर्जावर लिहिता येतात. खाली सही प्रौढ माणसाची. मुलीच्या नावापुढे तिची सही नाही, आणि असायचं कारणही नाही. कायद्याच्या दृष्टीने यात काही गैर नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल त्याच्या संमतीवाचून इतका मोठा निर्णय घेतला, तर त्यातून आपल्यावर काय येऊन पडतं?

या प्रश्नाच्या अगदी जवळचा प्रश्न इमान्युएल कान्टने १७९७ साली विचारला होता. कान्टचं लग्न झालं नव्हतं, त्याला मुलं नव्हती, आणि पूर्व प्रशियाचा आपला प्रांत सोडून तो आयुष्यात कधी बाहेर राहिला नाही. पण आईबापांच्या कर्तव्याचा त्याने लावलेला अर्थ मला आजही चोख वाटतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मूल ही एक स्वतंत्र व्यक्ती आहे, आणि आईबापांनी तिला न विचारता, स्वतःच्या मर्जीने या जगात आणलेलं असतं. म्हणून तिला आपल्या स्थितीत समाधान वाटावं यासाठी शक्य ते सगळं करणं हे त्यांचं बंधन ठरतं. हा उपकार नाही, प्रेमाचा उमाळाही नाही. आपण केलेल्या कृतीतून आपोआप आलेलं ते देणं आहे.

कान्ट बोलत होता जन्माबद्दल. लहान मुलाला घेऊन देश बदलणं हे मला त्याच जातीचं वाटतं. मूल दुसऱ्यांदा एका अनोळखी जगात येतं, पुन्हा न विचारता. या खेपेला त्याला आधीचं जग आठवत असतं, एवढाच फरक.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. मुलांना कोण कधी विचारतं? पुण्यात राहिलो असतो तरी तिला विचारून राहिलो नसतो. न जाणं हाही निर्णयच असतो. शिवाय घरातल्या माणसाने कामासाठी लांब जाणं आपल्याकडे नवं नाही. गिरणगावच्या भरभराटीच्या काळात कोकणातले किती तरी बाप मुंबईला खोलीत दाटीवाटीने राहिले आणि बायकामुलं गावी राहिली. मनीऑर्डर येई, गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येई. त्या मुलांचं गाव सुटलं नाही, भाषा सुटली नाही. पण बाप मात्र वर्षातून थोडे दिवस येणारा पाहुणा झाला. तेव्हा मुलावर काहीच न लादणारा पर्याय कुठल्याही पिढीला मिळालेला नाही, हे मान्य करायला हवं.

फरक दिसतो तो दुसरीकडे. आहोत तिथेच राहिलो, तर मुलावर जे लादलं जातं त्याची जबाबदारी अनेकांत वाटली जाते : आजी-आजोबा, शेजारी, शाळा, भाषा, सणवार. ‘असंच असतं’ म्हणून मूल ते घेतं. परदेशात ‘असंच असतं’ हे उत्तर संपतं. आपण इथे का आहोत याचं कारण बोट दाखवून सांगता येतं, आणि ते बोट आईबापांकडे वळतं.

जर्मन भाषेत अपराध आणि कर्ज या दोन्हींना मुळात एकच शब्द आहे : ‘शुल्ड’. नीत्शेने १८८७ मध्ये याच शब्दावरून, अपराधाची भावना देण्याघेण्याच्या व्यवहारातून उपजली, असा तर्क मांडला. इथे राहून हा शब्द कानावर पडू लागला तेव्हा मला मराठीचं बरं वाटलं. आपल्याकडे अपराध वेगळा आणि ऋण वेगळं. परदेशी आलेल्या आईबापांच्या मनात, विशेषतः डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो तेव्हा, अपराधी भावना दाटून येते. तिचा मुलांना काही उपयोग नाही. अपराधी आईबाप एक तर लाड करतात, नाही तर स्वतःचं समर्थन करत बसतात. ऋणको मात्र विचारतो, की द्यायचं काय आहे आणि कसं?

आपल्या परंपरेत ऋणाचा विचार झालेला आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत : ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. अध्ययनाने पहिलं फिटतं, यज्ञाने दुसरं, आणि संततीने तिसरं. या तिसऱ्याकडे जरा थांबून पाहावं. पितरांचं देणं आपण फेडतो ते मूल देऊन. म्हणजे या व्यवहारात मूल ना धनको, ना ऋणको. ज्या नाण्याने कर्ज फिटतं ते नाणं म्हणजे मूल. अपत्याचं आपल्यावर काही देणं आहे, अशी चौथी कल्पना त्यात नाही.

हा जुना विचार परदेशातल्या आमच्या घरांत आजही चालू आहे. रविवारच्या मराठी वर्गाला पोरं कंटाळतात आणि आम्ही त्यांना ओढत नेतो. आजीशी फोनवर चार वाक्यं शुद्ध बोलून दाखवायला लावतो. गणपतीत अथर्वशीर्ष म्हणायला उभं करतो. यात प्रेम असतं, पण बरेचदा आणखी एक गोष्ट असते : मागे राहिलेल्यांना आम्ही सांगत असतो की आम्ही तुटलो नाही. देणं आमचं असतं आणि हप्ता मुलं भरतात.

मग अपत्यऋण फेडायचं कसं? मला याचा पहिला धागा मिळाला तो किटामध्ये. मूल नव्याने दाखल होतं तेव्हा त्याला रुळवण्याची इथे एक ठरलेली पद्धत आहे. १९८० च्या दशकात बर्लिनमध्येच ती तयार झाली. तिच्यामागे जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांचं मूल आणि पालक यांच्यातल्या जिव्हाळ्यावरचं संशोधन आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाबरोबर वर्गात येऊन तासभर बसतो. त्याने मुलाला खेळायला ढकलायचं नाही आणि जवळ आलं तर दूर सारायचंही नाही. नुसतं एका बाजूला बसायचं. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन काही मिनिटं बाहेर जातो. चौथा दिवस सोमवार आला तर तेही मंगळवारवर जातं, कारण मधल्या सुट्टीने मूल थोडं मागे गेलेलं असतं. रडलं आणि शिक्षिकेकडून समजूत पटली नाही, तर पालक लगेच परत येतो आणि पुढचा प्रयत्न लांबतो. सगळं किती दिवसांत आटपायचं हे मूल ठरवतं.

‘दोन दिवस रडेल, मग रमेल’ हे आपल्याकडचं शहाणपण ऐकत मोठी झालेली मी, त्या बुटक्या खुर्चीवर सोळा दिवस बसले. तिथे एक गोष्ट लक्षात आली. मुलीला इथे आणण्याबाबत तिची संमती घेता आली नव्हती. पण आल्यानंतरचा वेग तिच्या हाती देता येत होता. संमती एकदाच, सुरुवातीला घ्यायची असते असं आपण धरून चालतो. मुलांच्या बाबतीत ती नंतर, थोडी थोडी, रोज घ्यावी लागते. कर्जाचा हप्ता म्हणतात तो हाच असावा.

पुढे मात्र उलटंच होतं. मूल रमतं, आणि आईबाप मागे राहतात. दोन वर्षांनी मुलगी साडेपाचाची झाली तेव्हा तिचं जर्मन आमच्या किती तरी पुढे गेलं होतं. एकदा खालच्या मजल्यावरचे एक वयस्कर गृहस्थ दारात आले. जिन्याखाली ठेवलेल्या धाकट्याच्या बाबागाडीबद्दल ते बोलत होते. माझे शब्द संपल्यावर ते मुलीकडे वळले आणि तिच्याशी बोलू लागले. बोलणं बरंच लांबलं, स्वर चढला. मग तिने माझ्याकडे पाहून सांगितलं, “ते म्हणतात, गाडी दुसरीकडे ठेव.” एवढंच. बाकीचं तिने स्वतःपाशी ठेवलं होतं. आईला काय ऐकवायचं आणि काय नाही, हे साडेपाच वर्षांची मुलगी ठरवत होती.

स्थलांतरितांच्या घरांत हे जगभर चालतं. मुलं डॉक्टरांकडे, बँकेत, सरकारी खिडकीवर मोठ्यांचे दुभाषे होतात. आपण त्याचं कौतुकही करतो : पोरगी किती हुशार! पण जे मूल आपल्या आईचा अपमान गिळून तिच्यापर्यंत अर्धाच पोचवतं, त्याचं थोडं बालपण आपण वापरलेलं असतं. म्हणून माझ्या मते या ऋणाचा पहिला खरा हप्ता मुलांना मराठी शिकवणं हा नाही. आपण जर्मन शिकणं, हा आहे. पस्तिशीत, दिवसभराच्या कामानंतर, संध्याकाळच्या वर्गात बसून, नामांची तीन लिंगं घोकत. त्या भाषेवर प्रेम असो वा नसो. मुलांच्या पाठीवरचं आपलं ओझं खाली उतरवायचं, यासाठी.

दुसरा हप्ता मराठीचा. त्याचं कारण मात्र बदलावं लागेल. पूर्वजांची भाषा टिकली पाहिजे, हे कारण मोठ्यांच्या देण्याचं आहे. मुलांच्या बाजूचं कारण वेगळं आहे. जर्मनमध्ये मी सावकाश बोलणारी, विनोद न करणारी, सारखी ‘हो हो’ म्हणणारी एक बाई आहे. भांडताना मला शब्द सुचत नाहीत, समजूत घालताना तर मुळीच नाही. माझ्या मुलांना मी फक्त त्या भाषेत भेटले, तर त्यांना आई अर्धीच मिळेल. मी जिथे अख्खी आहे ती जागा मराठी आहे, आणि तिथे येण्याची वाट त्यांना माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे. असं पाहिलं की वर्गाला ओढत नेण्याची निकड कमी होते, आणि घरात रोज मराठीत गप्पा मारण्याची, चिडण्याची, थट्टा करण्याची वाढते. ती अथर्वशीर्षापेक्षा अवघड आहे, कारण त्यासाठी आपल्याला घरी, जागं आणि रिकामं असावं लागतं.

हे दोन्ही हप्ते भरूनही ऋण फिटेल असं नाही. पुढेमागे नागरिकत्वाचा प्रश्न येतो, तेव्हा हे स्पष्ट दिसतं. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या आठव्या कलमानुसार, एखाद्याने रीतसर जाहीर करून भारतीय नागरिकत्व सोडलं तर त्याच्या अज्ञान मुलांचंही नागरिकत्व जातं. पण त्याच कलमात पुढे एक तरतूद आहे. ते मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या आत, मला पुन्हा भारतीय नागरिक व्हायचं आहे, असं जाहीर करू शकतं. मूल मोठं झाल्यावर वेगळा विचार करेल, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलं आणि एक वर्षापुरतं दार उघडं ठेवलं. घरातलं दार एका वर्षाचं असायचं कारण नाही.

ते उघडं ठेवायचं म्हणजे काय, याचा मी अलीकडे विचार करते. मुलगी उद्या म्हणेल, मी इथलीच. किंवा म्हणेल, तुम्ही मला उगाच आणलं. किंवा तिसऱ्याच देशात जाऊन राहील आणि तिथे तिच्या मुलांना न विचारता वाढवेल. यातलं काहीही तिने म्हटलं, तरी ‘हे सगळं तुझ्यासाठीच केलं होतं’ हे वाक्य तिच्यासमोर ठेवायचं नाही, कारण त्या वाक्याने दार बंद होतं. ती विचारेल तेव्हा सांगायचं ते साधं आहे : आम्हाला यावंसं वाटलं, म्हणून आलो. तुला बरोबर आणलं, कारण तुझ्याशिवाय येणं शक्य नव्हतं. तुला विचारलं नव्हतं. आता विचारते आहे.