ज्ञानेश्वरीची जागा
ग्रंथाच्या पाठीवरील बोधांक, म्हणजे विषय दर्शवणारा वर्गांक आणि त्या विषयातील ग्रंथ वेगळा ओळखू देणारा ग्रंथांक यांची जोड, वाचकाला नेमक्या कपाटापर्यंत नेतो. परंतु ही एकमेव जागा ठरवताना ग्रंथ मूलतः काय आहे, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न ग्रंथपालापुढे उभा राहतो. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये मांडलेल्या दशांश पद्धतीच्या आजच्या रूपात ज्ञानेश्वरी गीतेवरील टीका मानली तर ती २९४.५९२४ या धर्मविषयक अंकाखाली जाते, मराठी काव्य मानली तर ८९१.४६ खाली, जणू ओवी आणि बोध एकमेकांपासून सोडवता येतात. वैशेषिक दर्शन गुण आणि द्रव्य यांच्यात समवाय, म्हणजे तोडता न येणारा संबंध, मानते; ज्ञानेश्वरीतील काव्य आणि तत्त्वविचार यांचे नाते याच जातीचे असल्याने ग्रंथालयाच्या तालिकेत तिची नोंद दोन्ही विषयांखाली असणे अत्यावश्यक ठरते.