ठराव आणि ओंजळ

महाडला गेलो की चवदार तळ्याच्या काठी घटकाभर टेकायचे, हा माझा जुना शिरस्ता. तिथे बसले की सत्याग्रहाच्याही आधी मला आठवतो तो एक ठराव.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली, चालवलेली तळी, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात, असा त्याचा आशय. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तो उचलून धरला आणि चवदार तळे सर्वांना खुले केले. खुले केले ते कागदावर. अस्पृश्यांची घागर काही त्यात बुडाली नाही. १९ मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा जमलेल्या हजारो माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! तळे हाकेच्या अंतरावर, हक्काचे, आणि पाणी विकतचे. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या पाठोपाठ लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग मारहाण झाली, १०८ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ झाली आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बरोबर चार वर्षांनी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

माझे एक वकील स्नेही म्हणतात, “अहो, नगरपालिकेने आणखी काय करायचे होते? दार उघडले, आत जाणे न जाणे ज्याचे त्याचे.” मला हे पटत नाही. ज्या दारात लाठ्या घेऊन माणसे उभी आहेत, ते नुसते उघडे ठेवून पुण्य लागते काय? एवढ्या माणसांची सभा गावात भरते आणि गावाची संस्था तिला घोटभर पाणी देऊ शकत नाही, तर त्या ठरावाला औदार्य म्हणावे की थट्टा? तरी एक कबूल केले पाहिजे. तो कागद होता म्हणून तळ्याकडे निघालेल्यांच्या पायाखाली कायद्याची जमीन होती. फिर्याद करणारे ‘तळे खाजगी आहे’ म्हणत राहिले. हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी तो वाद निकालात काढला, तो अस्पृश्यांच्या बाजूने.

“लोकांचे मत घ्या, म्हणजे झाले,” असे आज सगळेच म्हणतात. पण १९२७ चा तो माघारीचा ठरावसुद्धा लोकमताला धरूनच झाला होता! फक्त तहान ज्यांची होती त्यांना कुणी विचारले नव्हते. मत मोजताना कुणाचे मोजायचे, ही गोष्ट मत घेण्याआधीच ठरलेली असते, आणि तिथेच माझे घोडे अडते.

२२ जुलै २०२१ ला सावित्रीने महाडात घरे बुडवली, त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे घेतली. त्यानंतर गाळ उपसायला, भाकरी पोचवायला कुठकुठल्या संस्था धावल्या! उत्साही पोरे पाण्याच्या बाटल्या घेऊन येत, आणि घरातल्या बायकांना हवा असे खराटा नाहीतर चुलीसाठी कोरडे लाकूड. मदत करणाऱ्यालाही आधी विचारावे लागते, हे मी तेव्हा शिकलो.

पुढे पोलादपूरकडच्या एका ग्रामसभेला मी मागच्या बाकावर बसलो होतो. विषय होता दरडीखालच्या वाडीचे स्थलांतर. नोटीस पंचायतीच्या दारावर चिकटवली होती. वाडी तिथून दोन डोंगर पलीकडे. सभेत वाडीतल्या तिघी आल्या होत्या, त्याही उशिरा. त्यातली एक म्हातारी उभी राहून म्हणाली, “आमच्या वाडीची सभा आमच्या वाडीत का न्हाय?” सभेत हशा पिकला. ग्रामसेवकांनी मात्र ते वाक्य इतिवृत्तात लिहून घेतले. मी वाकून पाहिले.

त्याचे पुढे काय झाले ते विचारायला, दिवाळी आटोपली की, पोलादपूरला जाईन म्हणतो.