ऋषिऋण आणि उल्लेखांची खतावणी

वैद्यकीय महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकपदासाठी आलेले अर्ज निवडसमितीपुढे मांडले जातात, तेव्हा प्रत्येक अर्जासोबत हल्ली एक तक्ता जोडलेला असतो, आणि उमेदवाराने किती शोधनिबंध प्रसिद्ध केले, त्या निबंधांचा इतरांनी आपल्या लेखनात किती वेळा उल्लेख केला, व या दोन रकमांच्या मेळातून निघणारा त्याचा ‘एच-निर्देशांक’ किती, एवढ्या नोंदींवरून त्या माणसाच्या आयुष्यभराच्या कामाचा निवाडा होण्याची दाट शक्यता असते. या व्यवस्थेविरुद्ध तक्रारी पुष्कळ झाल्या आहेत. परंतु त्या बहुतांशी मोजमापाच्या पद्धतीविषयी आहेत, मोजल्या जाणाऱ्या वस्तूविषयी नाहीत. माझ्या मते या मामल्याच्या मुळाशी धर्मविचाराच्या कक्षेत येणारा एक प्रश्न आहे. एका संशोधकाने दुसऱ्याचे नाव घेतले, तर त्या उल्लेखाची रक्कम कोणाच्या खाती मांडावयाची: ज्याचे नाव घेतले गेले त्याच्या कर्माचे फळ म्हणून, की ज्याने नाव घेतले त्याने फेडलेल्या ऋणाचा भाग म्हणून?

उल्लेखांची सूची करण्याची कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली आणि १९६४ साली फिलाडेल्फियातील आपल्या संस्थेतर्फे ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’च्या रूपाने ती अमलात आणली. त्यांच्यापुढचा नमुना होता तो वकिलांच्या दप्तरातला. अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ या नावाची सूची निघत आली होती, आणि अमुक एका जुन्या निवाड्याचा पुढील न्यायाधीशांनी आधार घेतला की तो अमान्य केला, हे वकिलास तीवरून समजत असे. म्हणजे मूळ हेतू माणसांची प्रतवारी लावण्याचा नसून विचार कोणत्या वाटेने कोठवर पोचला याचा माग काढण्याचा होता. पुढे २००५ साली होर्हे हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने व्यक्तीचे काम एकाच अंकात सांगण्याची युक्ती काढली. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला आहे, त्याचा निर्देशांक वीस. माग काढण्याचे साधन अशा रीतीने मालमत्तेचा दाखला बनले.

हा प्रश्न केवळ तर्काच्या पातळीवर न ठेवता एका माणसाच्या आयुष्यावर लावून पाहणे बरे, आणि त्यासाठी कलकत्त्याच्या शंभुनाथ दे यांच्याइतके योग्य उदाहरण मला दुसरे दिसत नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये प्रथम इजिप्तमध्ये व नंतर कलकत्त्यात पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, वाकडा जंतू ओळखला आणि हा जंतू विष निर्माण करून माणसाला मारत असावा असा तर्कही केला. परंतु पुढे पाऊणशे वर्षे ते विष कोणाच्या हाती लागले नाही, कारण शोधणारे जंतूंचा अर्क प्राण्यांच्या रक्तात किंवा उदरपोकळीत टोचून पाहत राहिले, आणि विष तर आतड्याच्या आतल्या अस्तरावर काम करणारे होते. हुगळी जिल्ह्यात १९१५ साली जन्मलेले, कलकत्त्यात वैद्यक शिकून लंडनमध्ये विकृतिविज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेले दे मायदेशी परतले ते याच रोगाचा ध्यास घेऊन. त्यांनी बेशुद्ध केलेल्या सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून जागच्या जागी बंद केला, त्यात पटकीचे जंतू सोडले, आणि दुसऱ्या दिवशी पाहिले तो ती बांधलेली घडी पाण्याने टम्म फुगलेली; डी. एन. चटर्जी यांच्यासह लिहिलेला हा निबंध १९५३ चा. मग त्यांनी जंतू वाढवलेले द्रव्य इतके गाळून घेतले की त्यात एकही जिवंत जंतू उरू नये, आणि ते निर्जंतुक पाणी त्याच रीतीने आतड्यात सोडले. आतडे पुन्हा तसेच फुगले. विष जंतूंच्या शरीराबाहेर, भोवतालच्या द्रवात असते, ही गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली. मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे साधले नव्हते ते ससा, दोरा, गाळणी आणि योग्य जागी विचारलेला एक प्रश्न यांच्या बळावर साधले, हे स्मरले की मन आजही भरून येते.

गाळलेल्या द्रवाच्या या प्रयोगावरचा निबंध १९५९ साली ‘नेचर’ साप्ताहिकात आला, पण त्याकडे आरंभीची कित्येक वर्षे फारसे कोणी पाहिले नाही. विष शुद्ध रूपात वेगळे करण्याचे काम कलकत्त्यात पुरे होऊ शकले नाही. ते १९६९ मध्ये अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांनी केले, आणि त्यानंतर दे यांच्या निबंधाचे महत्त्व जगाला उमगत गेले. १९७८ साली पटकीवरील नोबेल परिसंवादासाठी त्यांना स्वीडनला बोलावण्यात आले, तेव्हा आपण साठीच्या दशकापासून मेल्यातच जमा होतो आणि या परिसंवादाने आपल्याला थडग्यातून उकरून वर काढले, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी तेथे काढले. जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारख्या नोबेलविजेत्याने नोबेल पारितोषिकासाठी त्यांची शिफारस केली. पण स्वदेशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना आपले सदस्यत्व दिले नाही, आणि १९८५ साली ते निवर्तले. पुढल्याच वर्षी पटकीसंशोधनाचा नकाशा काढून त्यात दे यांचे स्थान दाखवणारा लेख लिहिला तो कोणी, तर उल्लेखांच्या सूचीचे जनक गारफिल्ड यांनीच. आकड्यांनी जे उशिरा दाखवले ते आकड्यांच्या कर्त्यानेच जगापुढे ठेवले, हे त्यांच्या मोठेपणाला शोभणारे होते, आणि म्हणूनच मी त्या सूचीचा सरसकट निषेध करणार नाही.

अशी कहाणी सांगितली की आपल्याकडे एक उत्तर तयारच असते: कर्मावर अधिकार, फळावर नाही, दे यांनी आपले काम केले, मान मिळाला न मिळाला याचे दुःख ज्ञानी पुरुषाने कशाला करावे? हे उत्तर मला अपुरेच नव्हे तर अन्यायाचे वाटते. गीतेचा उपदेश कर्त्याला उद्देशून आहे, त्याच्या कर्माचा उपभोग घेणाऱ्यांना उद्देशून नाही. अर्जुनाला फलाशा सोडण्यास सांगितले म्हणून त्याचे राज्य हिरावून घेण्याची मुभा दुर्योधनाला मिळत नाही. निष्काम होणे हे ज्याचे त्याने स्वतःसाठी घ्यावयाचे व्रत आहे, आणि दुसऱ्याला देय असलेले अडवून धरणाऱ्याने ते व्रत त्याला सुचवावे, यासारखा धर्माचा दुरुपयोग नाही. तीच गीता तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे वर्णन करताना, ज्यांच्याकडून मिळाले त्यांना काही न देता भोगणाऱ्याला चोर ठरवते. एकाच ग्रंथात कर्त्याला वैराग्य आणि उपभोक्त्याला देणेकरीपण अशा दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत, आणि आपण सोयीने पहिली पाठ केली व दुसरी विसरलो.

दुसऱ्या आज्ञेला आपल्या परंपरेत स्वतंत्र स्थान आहे. तैत्तिरीय संहितेनुसार जन्मास येणारा ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच येतो, आणि त्यांतील ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाच्या व्रताने, फेडावयाचे असते. ज्यांनी ज्ञान निर्माण केले त्यांचे देणे ते ज्ञान नीट शिकून, सांभाळून, त्यांचे नाव घेऊन पुढे पोचविल्यानेच फिटते. बृहदारण्यकोपनिषदात मधुकांडाच्या शेवटी गुरुशिष्यांची लांबलचक मालिका येते, आणि आधुनिक वाचक ती कंटाळून ओलांडतो. मला मात्र ती त्या उपनिषदाच्या तत्त्वज्ञानाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण कोणाकडून कोणास मिळाले हे सांगितल्याशिवाय विद्या पूर्ण होत नाही अशी त्या रचनाकारांची श्रद्धा तीत दिसते. पाणिनीने अष्टाध्यायीत एकेक मात्रा वाचवण्याचा कसोशीने प्रयत्न केला, आणि तरीही आपल्या आधीच्या दहा व्याकरणकारांची नावे सूत्रांत गुंफली. आपिशली, शाकटायन, शाकल्य यांच्याविषयी अन्यत्रही काही कळते. परंतु सेनक आणि चाक्रवर्मण हे व्याकरणकार होऊन गेले हे आज जवळजवळ पाणिनीच्या त्या उल्लेखामुळेच आपल्याला माहीत आहे. ज्ञानेश्वरांनीही ग्रंथाच्या अखेरीस व्यास आणि भाष्यकार यांचे ऋण मोकळेपणी मान्य केले आहे. या सर्वांच्या मनात सेनकाचा किंवा भाष्यकारांचा मान वाढवण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या स्वतःच्या लेखनाचे शुद्धत्व राखण्याचा होता.

येथे माझे म्हणणे स्पष्ट होते. उल्लेख हा उल्लेख करणाऱ्याचा धर्म आहे, ज्याचा केला त्याची मिळकत नव्हे. त्याला मिळकत मानले की ती वाढवण्याची वासना जागी होते, आणि मग स्वतःचेच जुने निबंध नव्या निबंधात गुंफणे, परस्परांनी परस्परांची नावे घेण्याचे करार करणे, एका प्रयोगाचे तुकडे पाडून त्यांचे अनेक निबंध करणे, हे सारे ओघाने येते. उपनिषदकारांनी पुत्र व वित्त यांच्या बरोबरीने लोकांत नाव व्हावे या इच्छेलाही एषणांत गणले, आणि याज्ञवल्क्याने या तिन्ही एषणा मुळात एकच असल्याचे सांगितले. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीला प्रकाशनांच्या गुणांची जोड दिली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक देशात आले, त्या वेळी याज्ञवल्क्याच्या त्या निरीक्षणाचा प्रत्यय पुरेपूर आला.

ऋण म्हणून पाहिले तर आकड्यांची अनेक कोडी आपोआप सुटतात. ऑलिव्हर लोरी यांचा प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा १९५१ चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उल्लेखला गेला आहे आणि विज्ञानाच्या इतिहासात याबाबत त्याला तोड नाही. परंतु लोरी स्वतः त्याला आपले थोर काम समजत नसत, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते, कारण हजारो लोकांनी ज्या साधनाने रोजचे काम केले त्या साधनाचे देणे त्यांनी नोंदवले, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे. उलट, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवल्याप्रमाणे, काही शोध ज्ञानात इतके मुरतात की त्यांच्या कर्त्याचे नाव घेण्याची गरज कोणास वाटत नाही; आकडा तेथे उतरतो आणि ऋण सर्वांत मोठे होते. शिवाय फळ वाटले तर प्रत्येकाचा वाटा घटतो, ऋणाचे तसे नाही. दे यांचा निबंध आला त्याच १९५९ साली मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवर स्वतंत्रपणे प्रयोग करून पटकीचे विष रोग उत्पन्न करते हे दाखवले होते. पहिला कोण, हा फळाच्या वाटणीचा प्रश्न आहे आणि त्यात परळचे हे तिघे मागे पडले. ऋणाच्या खात्यात मात्र कलकत्त्याचे पूर्ण देणे आणि मुंबईचेही पूर्ण देणे शेजारी शेजारी मांडता येते, आणि एकाने दुसरे उणे होत नाही.

सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ साली तयार झालेल्या जाहीरनाम्यात संशोधकांचे मूल्यमापन नियतकालिकांच्या आकड्यांवरून न करता प्रत्यक्ष कामावरून करावे, असे आवाहन आहे. ते योग्यच आहे. पण समित्या सुधारण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण ऋण फेडण्यास कोणाच्या हुकुमाची जरुरी लागत नाही. जे तरुण डॉक्टर आणि संशोधक आज आपला पहिला निबंध लिहीत असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ज्याचे नाव खाली द्यायचे तो मूळ निबंध त्यांनी स्वतः वाचावा, दुसऱ्याच्या यादीतून उचलू नये, आणि ज्याच्यामुळे आपल्या मनात प्रश्न उत्पन्न झाला त्याचे नाव, तो अप्रसिद्ध असला, परक्या गटातला असला, किंवा त्याचे नाव घेतल्याने आपला काही फायदा होणार नसला तरी, गाळू नये. आरंभ दे यांच्यापासूनच करता येईल. त्यांचा निबंध ‘नेचर’च्या ३० मे १९५९ च्या अंकात आहे आणि तो दोन पानांच्या आत संपतो.